आठ फोन आणि एक पिशवी

दोन हजार साल उजाडलं, कॉम्प्युटर नेहमीसारखे चालू राहिले आणि मी रिकामी झाले. अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मला पुण्याला आणलं होतं ते अमेरिकेतल्या जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं चार आकडी करायला. आमच्यासारखे खूप जण होते. काम झालं, एक जानेवारी सरली आणि कंपनीने आम्हाला ‘बेंच’वर बसवलं. बेंच म्हणजे खरं तर चाकांची चांगली खुर्चीच. रोज यायचं, हजेरी लावायची, नवं काम आलं की सांगू म्हणून वाट बघायची. घरी फोनवर आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे तुले बसाचा पगार देऊन राहिले?” तिला फार कौतुक वाटलं. मला मात्र रोज सकाळी बसमधून उतरताना लाज वाटायची.

त्याच जानेवारीत ऑफिसात रक्तदान शिबिर झालं. रिकामपणाचा काही उपयोग होतोय म्हणून मी रांगेत सगळ्यात पुढे. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो बुडायला हवा होता, माझा वरच तरंगत राहिला. त्यांनी मला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्याभराने रक्तपेढीत येऊन पुन्हा तपासून जा म्हणाले.

मी गेले. एका जुन्या दवाखान्याच्या आवारात, मागच्या बाजूला ती रक्तपेढी होती. शनिवार होता. तपासणीची खोली कुठे ते न कळल्यामुळे मी चुकीच्या दारातून आत शिरले आणि एका लांबट खोलीत आले. तिथे आठ खाटा होत्या आणि आठही खाटांवर मुलं. सलाइनच्या खांबांना रक्ताच्या पिशव्या लटकलेल्या. मला वाटलं होतं मुलं रडत असतील. एक गणितं सोडवत होता, दोघी दोन खाटांवरून हात लांब करून पत्ते खेळत होत्या, एक पाच-सहा वर्षांचा मुलगा डाव्या हाताने पोहे खात होता, कारण उजव्याला सुई होती.

त्या मुलांना थॅलेसेमिया होता. त्यांचं शरीर स्वतःचं रक्त नीट बनवत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी द्यावं लागतं, आणि हे जन्मभर. मला हे सांगितलं ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या एका काकांनी. टेबलावर लाकडाचे तीन ट्रे, त्यात रक्तदात्यांची कार्डं खचाखच भरलेली, आणि कानाला फोन. ते कुणाला तरी विचारत होते की आपण गुरुवारी येतो म्हणालात, तर तो गुरुवार याच वर्षातला होता ना.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे त्यांचं काम प्लॅनिंगचं, म्हणजे कुठल्या यंत्रावर कुठला माल कधी घ्यायचा हे ठरवायचं. निवृत्तीनंतर शेजाऱ्याच्या नातवासाठी रक्त शोधताना ते इथे आले आणि इथलेच झाले. सहा वर्षं ते दुपारी चार ते सहा फोन करत होते. रक्तपेढीला एकच लाइन, आणि ती त्यांना तेवढाच वेळ मिळायची. त्यांनी सांगितलं की गणपतीत आणि सव्वीस जानेवारीला शिबिरांमुळे रक्त इतकं येतं की काही पिशव्या मुदत संपून टाकाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद होतात, हॉस्टेलची मुलं गावी जातात, आणि मग इथल्या मुलांना थांबावं लागतं.

“किती थांबावं लागतं?” मी विचारलं.

“मागच्या मेमध्ये बारा दिवसही थांबलीत मुलं,” ते म्हणाले आणि पुढचा नंबर लावायला लागले.

मी ट्रेकडे बघत होते. कार्डं आडनावाप्रमाणे लावलेली होती. प्रत्येक दाता तीन महिन्यांतून एकदाच देऊ शकतो. प्रत्येक मुलाला ठरावीक दिवसांनी, ठरावीक गटाचं लागतं. कुणाला कधी बोलवायचं म्हणजे रिकामी खाट राहणार नाही आणि पिशवी वायाही जाणार नाही? एकदम माझ्या लक्षात आलं की हे मला येतं. तिसऱ्या वर्षाला आम्हाला ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर होता. त्यात कायम एक सुतार असायचा, त्याच्याकडे इतकं लाकूड आणि इतके तास, तर त्याने खुर्च्या किती कराव्यात आणि टेबलं किती. तो सुतार परीक्षेनंतर मला पुन्हा भेटेल असं कधी वाटलं नव्हतं. मी काकांना म्हटलं की हे सगळं कॉम्प्युटरवर घालता येईल.

“कॉम्प्युटर रक्त देतो का?” त्यांनी विचारलं.

“नाही. पण कुणाला फोन करायचा ते सांगेल.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग मला सोमवारी यायला सांगितलं. हिमोग्लोबिन तपासायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

आमचा मॅनेजर भला माणूस होता. त्याला मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, हजेरी लाव आणि दुपारी जा, इथे बसून तरी काय करणार. रक्तपेढीत कुणीतरी दान केलेला एक जुना कॉम्प्युटर कव्हर घालून ठेवलेला होता. त्यावर मी कार्डं टाइप करायला लागले. नाव, गट, वय, पत्ता, मागची तारीख. चौथ्या दिवशी काकांनी विचारलं की कुठवर आलं. मी म्हटलं, “टाइप करून राहिले, काका.”

“राहू नका,” ते म्हणाले. “करा.”

ते मला पहिले दोन आठवडे अहो-जाहो करत होते.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी ट्रंकेतलं ते जुनं पुस्तक काढायचे आणि प्रोग्रॅम लिहायचे. इतकी भूक मला अभ्यासाची कधी लागली नव्हती. बसमध्ये उभी असतानाही डोक्यात तेच. एका बाजूला मुलं, एका बाजूला दाते, मध्ये रेघा. एकदा माझा स्टॉप मागे राहिला आणि मी पुलापलीकडे उतरून चालत आले, पण तेवढ्या चालण्यात एक अडलेली पायरी सुटली. मार्चच्या मध्यावर प्रोग्रॅम पहिल्यांदा पूर्ण चालला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने कर्र कर्र करत पुढच्या शनिवारसाठी यादी छापली. त्या शनिवारी आठ खाटांवर आळीपाळीने अकरा मुलं यायची होती, यादीत त्यांच्यासाठी अकरा दाते. मी तो कागद दोन्ही हातांनी काकांसमोर धरला.

काकांनी अकरा जणांना फोन केले. त्यातले चार जण आले.

काका मला बोलले नाहीत. जुन्या पद्धतीने आणखी वीस फोन करून त्यांनी कसंबसं भागवलं, आणि शनिवारी सगळं आटोपल्यावर यादीची घडी घालत म्हणाले, “कागदावर सगळे आले होते.”

मी रडकुंडीला आले होते. मग त्यांनीच ट्रेमधलं एक कार्ड काढून उलटं केलं. मी फक्त पुढची बाजू टाइप केली होती. मागे काकांच्या बारीक अक्षरात सहा वर्षांचे फोन होते. तारीख, आणि पुढे खूण. आला म्हणजे बरोबरची खूण. हो म्हणून न आलेला म्हणजे गोल. फोन न लागलेला म्हणजे फुली. कुठे कुठे एखादा शब्द, ‘परीक्षा’, ‘रात्रपाळी’, ‘लग्न ठरलं’. प्रत्येक कार्डामागे तसंच. मी ते बघत राहिले. हा माणूस सहा वर्षं, कुणी न सांगता, माझ्यासाठी हे लिहून ठेवत होता असंच मला त्या क्षणी वाटलं.

मशीन लर्निंग हे शब्द तेव्हा आमच्यात कुणी वापरत नव्हतं. मी ते डेक्कनवरच्या एका सायबर कॅफेत, परदेशातल्या कुणा प्राध्यापकाने इंटरनेटवर टाकलेल्या नोट्समध्ये वाचले. कल्पना अगदी साधी होती. प्रोग्रॅमला जुना फोन दाखवायचा आणि विचारायचं, हा माणूस येईल का? त्याने अंदाज करायचा. मग खरं उत्तर दाखवायचं. चुकला तर त्याने आपले हिशेब किंचित बदलायचे. आणि हे हजारो वेळा. शाळेत शिकतो तसंच, फक्त न कंटाळता. मागच्या बाजू टाइप करायला दोन आठवडे लागले, आणि त्यात काका स्वतः माझ्याशेजारी बसून वाचून दाखवायचे. तोवर ते मला ‘तू’ म्हणायला लागले होते.

प्रोग्रॅम शिकला की नाही हे तपासायला मी चाळीस फोन बाजूला लपवून ठेवले होते. काकांना ते कळल्यावर ते म्हणाले की तेच चाळीस मलाही विचार, फक्त खुणा झाकून ठेव. आम्ही पैज लावली. काकांचे एकतीस बरोबर आले, प्रोग्रॅमचे एकोणतीस. काकांनी चेहरा गंभीर ठेवला, पण त्या दिवशी ते निघताना शीळ वाजवत गेले. मला हरल्याचं दुःख मुळीच नव्हतं. सहा वर्षं ज्याने रोज माणसांशी बोलण्यात घालवली त्याच्या दोनच पावलं मागे माझं यंत्र येऊन उभं राहिलं होतं, आणि ते एका मिनिटात तिन्ही ट्रे पालथे घालू शकत होतं.

त्यात एक गंमतही निघाली. ज्यांच्या कार्डावर पी. पी. नंबर होता, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नव्हता आणि शेजारच्या घरी फोन करून निरोप द्यावा लागायचा, ते घरी फोन असलेल्यांपेक्षा जास्त येत होते. मला वाटलं माझी काहीतरी चूक आहे. मी दोनदा तपासलं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, “अगं, शेजारीण चप्पल न घालता सांगायला पळत गेलेली असते. सगळ्या चाळीला कळलेलं असतं की याला रक्ताला बोलावलंय. आता तो घरी बसून दाखवेल का?”

एप्रिलपासून यादी नव्या पद्धतीने निघायला लागली. आता प्रोग्रॅम हेही धरून चालायचा की आठवड्यात काकांना तीसच्या आसपास फोन करता येतात, आणि कुणाला फोन केला तर तो येण्याची शक्यता किती. त्या तीस फोनांतून जास्तीत जास्त पिशव्या कशा येतील ते तो ठरवायचा. पहिल्या शनिवारी नऊ दाते हवे होते, दहा आले. दुसऱ्या शनिवारीही भागलं. कॉलेजं बंद झालेली, ऊन रणरणतंय, आणि खाटा भरलेल्या. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई येऊन यादीचा कागद हातात घेऊन बघून गेल्या. मी तर हवेत होते. ऑफिसातल्या बेंचवरच्या दोघींना धरून आणलं आणि खाटांवरची मुलं दाखवली, जणू ती मीच बरी केली होती.

त्या खोलीत माझी एक मैत्रीण झाली होती. सातवीत गेलेली मुलगी, खडकीच्या क्वार्टर्समधली, वडील कारखान्यात. तिचा गट बी निगेटिव्ह. ती फार बोलायची. रक्त कमी होत जातं तेव्हा काय वाटतं असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “पंधरा दिवसांनंतर आमच्या बिल्डिंगला पायऱ्या जास्त होतात.” एप्रिलमध्ये तिची रक्त घ्यायची पाळी नऊ दिवस पुढे गेली. मला ते कळलं होतं. निगेटिव्ह गट दुर्मीळच, असं होणारच, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढे गेले.

मेच्या पहिल्या आठवड्यात तिची आई आली. शनिवार नव्हता, मुलगीही बरोबर नव्हती. बाई टेबलापाशी उभ्या राहिल्या. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की पोरगी दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्येच बसली, आणि इथे विचारलं तर या शनिवारच्याही यादीत नाव नाही.

“ताई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या या यंत्राला माझी पोरगी माहीत हाय का?”

मला सांगायचं होतं की आहे, तिचा क्रमांक, गट, मागची तारीख, सगळं त्यात आहे. पण मी एवढंच म्हटलं, “मी बघते.” काकांनी त्यांना पाणी दिलं. त्या प्याल्या आणि गेल्या.

मी ती यादी का तशी आली ते शोधायला बसले. प्रोग्रॅममध्ये चूक असती तर बरं झालं असतं. चूक नव्हती. बी निगेटिव्हचे दाते मोजके, त्यातले बरेच लांबचे, निगडीचे, हडपसरचे, आणि येण्याची खात्री कमी. त्या मुलीसाठी एक पिशवी मिळवायची तर सरासरी आठ फोन लागत होते. त्याच आठ फोनांत दुसऱ्या गटाच्या तीन पिशव्या मिळत होत्या. मी त्याला सांगितलं होतं, एकूण पिशव्या जास्तीत जास्त आण. त्याने मुकाट्याने तेच केलं होतं. दर आठवड्याला तो आठ फोन वाचवत होता, आणि दर आठवड्याला ते त्याच मुलीचे वाचत होते. फोन कमी पडत राहिले असते तर त्याने तिला कधीच बोलावलं नसतं, आणि यादीच्या तळाशी छापलेला एकूण आकडा मात्र छान दिसला असता.

मी काकांना हे सांगितलं. त्यांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, “एकूण हा शब्द फार लबाड आहे. कारखान्यात मी त्याच्याबरोबर तीस वर्षं काढली. एकूण उत्पादन वाढलं म्हणून पेढे वाटायचे, आणि ज्या पुर्ज्यावाचून गाडी अडलीय तो मात्र कधी व्हायचाच नाही, कारण तो करायला वेळ लागतो.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“सगळ्यात जास्त दिवस कोण अडलंय ते आधी बघायचो. तुझ्या यंत्राला हे समजतं का?”

समजणार होतं. मी ते विचारलंच नव्हतं, एवढंच. त्या शनिवारचे फोन आधीच झाले होते, म्हणून रविवार गाठला. सकाळी मी रक्तपेढीत जाऊन बसले, काका घरून पोळी-भाजीचा डबा घेऊन आले. आधी प्रोग्रॅमचा प्रश्न होता, एकूण पिशव्या जास्तीत जास्त कशा होतील. तो मी खोडला. नवा प्रश्न लिहिला, जे मूल सगळ्यात जास्त थांबलंय त्याचं थांबणं कमीत कमी कसं होईल, आणि ते साधल्यावर उरलेल्या फोनांत पिशव्या जास्तीत जास्त. लिहायला सोपा, सोडवायला जरा किचकट. दुपारी तीनच्या सुमारास यादी छापून आली. सगळ्यात वर बी निगेटिव्ह, आणि त्यापुढे आठ दात्यांची नावं. मी टाळ्या वाजवल्या. काकांनी खाली बोट ठेवलं. तिथे आणखी तीन मुलांच्या तारखा दोन-दोन दिवस पुढे गेल्या होत्या.

हे त्या मुलांच्या आईवडिलांना सांगणं मला भाग होतं. यादीने ठरवलं असं मला म्हणायचं नव्हतं, कारण ठरवलं मीच होतं. तिघांनाही बोलावलं. मी कागदावर रेघा काढून समजावलं. दोघांनी लगेच मान हलवली. तिसरे एका शाळेतले शिक्षक, त्यांनी बरेच प्रश्न विचारले. माझ्या मुलाने दोन दिवस थांबायचं, आणि पुढच्या वेळी? पुढच्या वेळी तो जास्त थांबलेला असेल तर तो वर येईल, मी म्हटलं. त्यांनी तो नियम माझ्याकडून मराठीत लिहून घेतला आणि खोलीच्या भिंतीवर लावायला सांगितला. तो कागद पुढे अनेक वर्षं तिथे होता. पहिल्यांदाच कुणालाही वाचता येत होतं की आपली पाळी का आली आणि का नाही.

सोमवारी काकांनी ते आठ फोन सुरू केले. पहिला दाता गावी गेलेला. दुसऱ्याला कावीळ होऊन गेलेली, म्हणजे तो बाद. तिसरा येतो म्हणाला, पण त्याच्या कार्डामागे गोलच गोल होते. चौथा नंबर बदललेला. मंगळवारी पाचवा आणि सहावा, फोनच उचलला नाही. मी काकांच्या शेजारी बसून प्रत्येक खूण बघत होते. सातवा पी. पी. नंबर होता, येरवड्याचा. तुरुंगावरचा एक शिपाई, तीन वर्षांपूर्वी एकदा रक्त देऊन गेलेला. शेजारच्या बाईंनी सांगितलं की तो ड्युटीवर आहे, पण त्या निरोप देतील. काकांनी त्या मुलीचं वय सांगितलं, बाकी काही नाही.

बुधवारी संध्याकाळी, फोनची वेळ संपत आली असताना, दारात सायकल लागली. खाकी गणवेशातला उंच माणूस आत आला आणि म्हणाला की शेजारीण कालपासून पिच्छा सोडत नाहीये, कुठे झोपायचं सांगा. त्याचा रक्तदाब बघून होईपर्यंत मी दारातच उभी होते. हिमोग्लोबिनचा थेंब निळ्या पाण्यात पडला आणि सरळ तळाला गेला. काकांनी कार्ड उलटं करून बरोबरची खूण केली, आणि मग त्या खुणेवरून पेन पुन्हा एकदा फिरवलं. सहा वर्षांच्या कार्डांत मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

पिशवीच्या तपासण्या झाल्या आणि शनिवारी ती मुलीला लागली. पहिला तासभर ती पडून होती. दुपारपर्यंत तिच्या ओठांचा रंग परत आला आणि ती बोलायला लागली, ती संध्याकाळपर्यंत. तिची आई डबा घेऊन आली होती. माझ्या हातावर त्यांनी गुळपोळी ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, “खावा.” मेमध्ये गुळपोळी कशी काय, असं मी विचारलं नाही.

तो मे महिना आमचा असा गेला की आठवला तरी मला आजही उठून काहीतरी करावंसं वाटतं. दर शनिवारी मी भिंतीवरच्या नियमाखाली एक आकडा खडूने लिहायचे, या आठवड्यात सगळ्यात जास्त थांबलेल्या मुलाचे दिवस. नऊचा सहा झाला, सहाचा चार. एकूण पिशव्या एप्रिलपेक्षा किंचित कमी आल्या. मुलं तो आकडा बघायला खाटेवरून माना वळवायची आणि क्रिकेटच्या स्कोअरसारखी त्यावर बोलायची. महिनाअखेरीस तो तीन होता. त्या संध्याकाळी काकांनी मला रसवंतीगृहात नेलं. उसाचा रस पिताना त्यांनी सांगितलं की सहा वर्षांत हा पहिला मे आहे ज्यात त्यांना कुणाच्या आईची नजर चुकवावी लागली नाही. मग लगेच म्हणाले की यात बर्फ फार घालतात.

जूनमध्ये मला नवं प्रोजेक्ट मिळालं आणि मी बेंचवरून उठले. शनिवार मात्र ठेवले. प्रोग्रॅम बिघडायचा, मी दुरुस्त करायचे. फ्लॉपी खराब झाली आणि आठवडाभर काकांनी पुन्हा ट्रेमधून काम केलं, तेव्हा त्यांना टोमणे मारायला चांगलं निमित्त मिळालं. पण आता मुलांच्या तारखा दीड-दोन महिने आधी बऱ्यापैकी ठरायला लागल्या होत्या, आणि त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. तो त्या खडकीच्या मुलीच्या लक्षात आला. दिवाळीनंतर ती एक चिठ्ठी घेऊन आली. शाळेची सहल खडकवासल्याला जायची होती. आधीच्या दोन्ही वर्षी रक्त कमी असताना सहल आली म्हणून ती घरी राहिली होती.

“तारीख आधीच ठरतेय,” ती म्हणाली, “तर सहलीच्या दोन दिवस आधीची नाही का धरता येणार?”

मी काकांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. इतके महिने आम्ही मुलांनी थांबू नये एवढंच बघत होतो. त्यांना कुठे जायचंय हे कुणी विचारलंच नव्हतं. मी प्रोग्रॅममध्ये आणखी एक ओळ घातली, या मुलासाठी या तारखेच्या आधी. जरा खालीवर करून ते जमलं, आणि त्यात कुणाचं एका दिवसाहून जास्त लांबलं नाही.

बातमी खोलीत पसरायला पाच मिनिटं लागली. पुढच्या शनिवारी टेबलापुढे रांग. कुणाचं गॅदरिंग, कुणाच्या मावशीचं लग्न, एकाची स्कॉलरशिपची परीक्षा, पोहे खाणाऱ्या त्या छोट्याचा वाढदिवस, ज्या दिवशी त्याला हाताला पट्टी नको होती. काका एकेक चिठ्ठी घेत होते, तारीख मोठ्याने वाचत होते आणि मी टाइप करत होते.

“रक्तपेढी होती,” ते कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, “आता पंचांग झालंय.” आणि पुढच्या मुलाची चिठ्ठी हातात घेतली.